सगळ्यात लांब रांग

"बंदुकीची नळी कूम्सचीच हवी," इमोजीन म्हणाली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. जणू बंदूक तिलाच चालवायची होती.

एस्टिलने हातातली कानस खाली ठेवली. तरुणपणी तो आणि इमोजीनचा नवरा व्हर्लिन एकाच कोळशाच्या खाणीत उतरायचे. पुढे एस्टिलने खाण सोडली आणि ठासणीच्या बंदुका बनवायला घेतल्या. नवराबायकोची भांडणं त्याच्या दुकानाला नवीन नव्हती. पण तिथे बायका बंदूक नको म्हणून भांडत. ही हवी म्हणून भांडत होती.

"अगं, कूम्सकडे दोन वर्षांची रांग आहे," व्हर्लिन म्हणाला. "मिसूरीच्या कारखान्यातून आठवड्यात नळी येते. सरळ असते, नेम धरते. आतले पीळ कुणी पाडलेत ते हरणाला काय कळतंय?"

"हरणाला नसेल कळत. मला कळतं."

"तुला कधीपासून कळायला लागलं? आजवर माझ्या बंदुकीच्या हौसेला लोढणं म्हणत आलीस."

"माणूस शिकतो हळूहळू. तुलाच काय तो वेळ लागतो."

एस्टिल हसला नाही. एरवी हसला असता.

डोंगरापलीकडचा म्हातारा कूम्स आजही लाकडी बाकावर, हाताने हत्यार ओढून नळीत गोळीला फिरकी देणारे पीळ पाडायचा. एका वेळी एकच नळी. घाई करणाऱ्याला तो रांगेच्या शेवटी टाकतो, असं लोक म्हणत. आणि नळीवाचून पुढे सगळंच अडतं. तिच्या अंगाबरहुकूम दस्ता कोरायचा असतो, त्यामुळे ती येईपर्यंत लाकडाला पटाशी लावायची सोय नाही. व्हर्लिनने बापाच्या टेकडीवरचं मेपलचं झाड त्यासाठी स्वतः तोडलं होतं. त्याची फळी कित्येक वर्षं पलंगाखाली वाळत पडली होती. त्या लाकडाची बंदूक घेऊन त्याच टेकडीवर एकदा बार काढायचा, एवढीच त्याची हौस. खाणीच्या पाळ्यांत ती राहून गेली होती.

आणि आता ती राहूनच जाणार होती. उन्हाळ्यात शहरातल्या डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो उजेडापुढे धरला होता. खाणीतली धूळ फुफ्फुसात पार तळापर्यंत बसली होती. "पुढच्या वसंतातली पेरणी बघशील," डॉक्टर म्हणाला. "त्यापुढचं मी बोलत नाही."

व्हर्लिनने ते इमोजीनला सांगितलं नव्हतं. तिने नुकतंच सख्ख्या बहिणीला मातीत ठेवलं होतं. त्यावर हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि ते सांगितल्याशिवाय दोन वर्षांच्या रांगेला नाही कसं म्हणायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "कूम्स तर कूम्स."

इमोजीनचा चेहरा एकदम सैल झाला. तिने एस्टिलकडे पाहिलं. एस्टिलने मान खाली घालून कानस पुन्हा उचलली.

घरी परतताना गाडीत ती खुशीत होती. "अधूनमधून जाऊन बसत जा त्या कूम्सकडे. नळी झाली का म्हणून विचारायचं."

"शिव्या घालेल तो."

"घालू दे. शिव्या घालणारं कुणीतरी असलेलं बरं असतं."

व्हर्लिन खिडकीबाहेर बघत खोकला दाबत राहिला. बहीण गेल्यापासून ही अशीच झाली होती, हट्टी आणि विचित्र. स्वेटर तिच्या अंगावर लोंबायला लागला होता. स्वयंपाकही त्याच्या गळ्यात पडला होता. मनगट दुखतं म्हणायची आणि चुलीपाशी खुर्ची टाकून बसायची. "मक्याचं पीठ आधी नाही, आधी तवा तापव. चरबी धुरावू दे. असा कसा रे तू!" त्याचा मक्याचा पाव दोनदा करपला, तिसऱ्यांदा जमला. तिने एक तुकडा चाखला, छान झालाय म्हणाली आणि उरलेला त्याच्याच ताटात सरकवला. माझ्यामागे हिचं कसं होणार, असा विचार करत त्याने तवा घासायला घेतला होता.

दुसऱ्या दिवशी कोंबड्यांचं खाद्य आणायला जातो असं सांगून तो निघाला, तो थेट एस्टिलच्या दुकानात.

"कूम्सला राहू दे," तो दारातूनच म्हणाला. "कारखान्याची नळी मागव. तिला सांगू, कुणीतरी रांग सोडली म्हणून कूम्सची लवकर मिळाली. दस्त्यात बसल्यावर नळीच्या पोटावर कोरलेलं करणाऱ्याचं नाव कोण बघतोय?"

"इतकी कसली घाई, व्हर्लिन?"

व्हर्लिनने स्टूल ओढलं. डॉक्टर, फोटो, पेरणी, सगळं त्याने सांगून टाकलं. इतके दिवस आत कोंडलेलं बोलताना त्याला धाप लागली. "एकदा तरी बार काढू दे मला त्या टेकडीवर," तो म्हणाला. "पण इमोजीनला यातलं काही कळता कामा नये. शपथ घे."

एस्टिलने शपथ घेतली नाही. तो शेगडीपाशी गेला, तिच्यात लाकूड सारलं आणि पाठ फिरवून तसाच उभा राहिला. व्हर्लिनला त्याचे खांदे हलताना दिसले.

"अरे, तू का रडतोस? मरणार मी आहे."

"सोमवारी ती आली होती," एस्टिल म्हणाला. "एकटीच. तिनेही मला शपथ घातली."

"कसली? नळीची?"

"सगळ्यात लांब रांग कुठल्या नळीवाल्याकडे आहे, हे विचारायला आली होती." एस्टिलने बाहीने डोळे पुसले. "म्हणाली, मी काही ही थंडी काढत नाही, एस्टिल. माझ्यामागे त्याला वाट बघायला काहीतरी हवं."