नाकाने लिहिलेलं

आत्या चाकावरून पुढे वाकली आणि तिने नाकाने टॅबलेटवर चार-पाच अक्षरं दाबली. मग मान जराशी तिरकी करून नाकानेच ‘पाठवा’ दाबलं. दोन्ही हात मनगटापर्यंत ओल्या मातीत होते आणि त्या हातांमध्ये एक बरणी उभी राहत होती.

समोर स्टुलावर वही घेऊन बसलेली भाची लिहायचंच विसरली. मातीची भांडी घडवणाऱ्या लोकांची एक साइट होती. तिथलं कमेंट आणि चॅट नव्याने बांधायचं काम तिच्याकडे होतं. चार दिवस चाचणी चालली होती आणि आज संध्याकाळी ते सगळ्यांसाठी सुरू व्हायचं होतं. त्याआधी लोक ते कसं वापरतात हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ती हक्काच्या माणसाकडे आली होती.

“बघ, परत गिळलं!” आत्या म्हणाली. “चार दिवस हेच चाललंय. लिहिते आणि जातं कुठेतरी.”

स्क्रीनवर एका चंबूचा फोटो होता. तो टाकणाऱ्या बाईला साइटवर सगळे ‘किटली’ म्हणायचे. खाली कमेंटची जागा कोरी करकरीत.

“अगं, तू ‘णणझझझ’ लिहिलंस. असला कचरा आपोआप गाळला जातो. मी चाळणी लावलीय ना!” भाचीने आपली पाठ आपणच थोपटून घेतली. “चार दिवसांत साडेतीनशे फालतू कमेंट उडाल्या. कशी लख्ख दिसतेय साइट!”

“फालतू? चंबू झकास झालाय, असं लिहिलं मी.”

“कुठे लिहिलंस?”

“हात मातीत असले की नाकाला सापडेल ते दाबायचं. जेवढं लांब, तेवढं आवडलं. सगळेच तसं करतात.”

“मग हात धुऊन लिहावं की माणसाने.”

“अर्धं उठलेलं भांडं सोडून?” हिला शिकवलं कुणी, अशा नजरेने आत्याने तिच्याकडे पाहिलं. “जागच्या जागी बसेल ते. कमेंटपायी कुणी चाक सोडतं का?”

मग आत्या बरणीवरची नजर न हलवता बोलली, पण आवाज उतरला होता.

“परवा मी तो निळा वाडगा टाकला. सहा महिने त्या निळ्या रंगापायी डोकं फोडलंय मी. प्रत्येक फसलेला तुकडा किटलीने पाहिलाय. आणि जमला तेव्हा तिने साधं नाकसुद्धा टेकवलं नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार. पाच वर्षांत ती अशी कधी गप्प बसली नव्हती.”

भाचीने वही मिटली.

“चाळणी आमच्याकडेही असते,” आत्या म्हणाली. “पण वर काय उरलं ते आम्ही फेकायच्या आधी बघतो.”

भाचीने लॅपटॉप उघडला आणि गाळलेल्या कमेंट पहिल्यांदाच वाचायला घेतल्या. णणण. झझबब. ममममम. पानंच्या पानं. आणि त्यांत, निळ्या वाडग्याखालून उचललेली किटलीची एक कमेंट, चांगली तीन ओळींची. बाईने नाक वर घेतलंच नव्हतं.

भाचीने लॅपटॉप आत्याकडे वळवला. आत्याने त्या तिन्ही ओळी, पत्र वाचावं तशा, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्या. मग ती हसायला लागली. खांदे हलले, पोट हललं, डोळ्यांत पाणी आलं. बरणीवरचे हात मात्र तसूभर हलले नाहीत.

“आवडला गं तिला! केवढा आवडला!”

तेवढ्यात भाचीच्या साहेबांचा फोन आला. संध्याकाळी सुरू करायचं ना?

“करायचं. पण चाळणी काढून,” भाची म्हणाली.

“का?”

“आपली माणसं नाकाने लिहितात.”

भाचीने फोन ठेवला आणि साडेतीनशेच्या साडेतीनशे कमेंट जागच्या जागी परत लावल्या. टॅबलेट टिणटिण वाजायला लागला तो थांबेचना. चार दिवसांचं कौतुक एकदम दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि आत्या एकेक वाचून “ही बघ, ही त्या भट्टीवाल्याची,” “ही नक्की सर्दीत लिहिलीय,” असं सांगत होती. भाचीला आपली चूक इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं.

मग चॅटमध्ये खाली अक्षरं उमटली: ‘किटली लिहीत आहे’. ती सोय भाचीनेच केली होती. अक्षरं गेली, परत आली, परत गेली.

“एवढा वेळ?” आत्याचं हसू थांबलं. “नाकाने दोन सेकंद लागतात.”

संदेश आला. स्वच्छ, पूर्णविरामांसकट.

‘आत्ता एकदम तुझ्या सात कमेंट आल्या. मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावलीस. चार दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून मुद्दाम चंबू टाकला. निळा रंग बघून मी रडले होते.’

आत्याने तो दोनदा वाचला.

“हात धुतले तिने,” ती हळूच म्हणाली. “ही तिची चाकावर बसायची वेळ. काम सोडून उठली बाई.”

“तू सांग काय लिहायचं ते, मी लिहिते,” भाचीने टॅबलेट ओढला.

आत्याने ऐकलं नसावं. तिने बरणीवरचे हात काढले आणि ती उठून नळाकडे गेली. चाकावरची बरणी एका बाजूला कलली, भाची धडपडत तिला धरेपर्यंत सावकाश खाली बसली. आत्याने वळूनही पाहिलं नाही. ती नखांतली माती काढत, कोपरापर्यंत हात घासून धूत होती.