बंदीची ओळ

"लागलं का?" मन्मथप्पांनी परत विचारलं.

"बघतोय अप्पा," अमरनाथ म्हणाला.

संगणकाच्या मागचा वायफाय ॲडाप्टरचा दिवा विझलेलाच होता. राउटर खाली अप्पांच्या किराणा दुकानात, संगणक वर माडीवर, आणि दोघांची गाठ घालून देणारा हा बोटाएवढा ॲडाप्टर ऐन वेळी रुसून बसलेला. रुसायचा मान खरं तर नवरदेवाचा.

सतरंजीवर अप्पांचे भाऊबंद दाटीवाटीनं बसले होते. चहा दोनदा फिरला होता. जर्मनीतून नवरा मुलगा महांतेश आणि लातूरहून त्याचे काका व्हिडिओवर यायचे होते. अप्पांची मुलगी वर्षाराणी त्यांना दाखवायची होती. ती कोपऱ्यात पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची.

"मोबाइलवर लावा की," शिवकांताकाकू नवऱ्याला म्हणाल्या. "पोरगी तीच दिसंल."

"लगीन हाय, रिचार्ज न्हाई," अप्पांनी उडवून लावलं. "मोठ्या पडद्यावर, सगळ्यांदेखत दाखवतो म्हणून शब्द दिलाय. स्वामींच्या मनात असंल तर लागंल. न्हाई लागलं तर तो कौल समजायचा आन् हे स्थळ सोडायचं."

कपिलधारच्या मन्मथ स्वामींना विचारल्याशिवाय अप्पा तुरीचा सौदाही करत नसत, हे साऱ्या नेकनूर गावाला ठाऊक होतं. एकदा कौल झाला की ब्रह्मदेव आला तरी तो फिरत नसे.

बाजारपेठेत अमरनाथचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि अप्पांच्या घरचं तारेचं, बटणाचं सगळं काम त्याच्याकडंच असायचं. हा ॲडाप्टरही कधीतरी त्यानंच बसवून दिलेला. यंत्र चालायचं उबुंटूवर. वर्षाराणी बीडला कॉलेजात संगणक शिकवायची; फुकट मिळणारी, कुणालाही उघडून बघता येणारी ही प्रणाली तिनंच हौसेनं घातलेली.

"वर्षाताई, यात काही बदल केला होता का?"

"परवा अपडेट दिलं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तवापासून बंद हाय."

ॲडाप्टरला चालवणारा, बाहेरून आणून बसवलेला ड्रायव्हर-प्रोग्रॅम त्या अपडेटनं निकामी केला होता, एवढं अमरनाथला लगेच कळलं. त्याचं काही विशेष नव्हतं. या प्रणालीचा स्वतःचा ड्रायव्हर जागेवर होता, आणि एवढ्या कामाला तो पुरला असता. पण तो काही केल्या उठेना. घोडं नक्की कुठं पेंड खातंय? एकेक फाइल उघडत तो निघाला.

आणि एका छोट्या फायलीपाशी त्याचा हात थांबला.

पहिली ओळ इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपले: श्री मन्मथ प्रसन्न. खाली त्याच ड्रायव्हरचं नाव, आणि नावाआधी एक शब्द: ब्लॅकलिस्ट. म्हणजे बंदी. याला कामाला लावायचं नाही, असं यंत्राला बजावून ठेवलेलं. ही ओळ चुकून आलेली नव्हती, कुणीतरी हातानं लिहिली होती.

श्री मन्मथ प्रसन्न. खाली दुकानाच्या पाटीवरही हेच शब्द होते. अप्पांना माउस धरता येत नव्हता आणि काकू संगणकाला दुरूनच हळदकुंकू वाहत. मग उरलं कोण?

त्यानं मान वळवली. वर्षाराणी त्याच्याकडंच बघत होती. डोळे भरलेले. कुणाला दिसू नये अशा बेतानं तिनं मांडीवर हात जोडले.

आलेलं प्रत्येक स्थळ या पोरीनं मोडलं होतं, ते काय उगाच? त्याला शिवानी आठवली, त्याची बहीण. लग्न ठरवताना तिला कुणी विचारलंच नव्हतं. आता माहेरी आली की ती दिवसभर भांडी घासत बसते, घासलेलीच परत घासते.

ओळ पुसली की दिवा लागला असता. त्यानं फाइल तशीच बंद केली.

"अप्पा, आज काय हे जमत न्हाई."

अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डोळे मिटले. "झाला कौल," ते म्हणाले. "लातूरला कळवून टाका."

वर्षाराणी तोंडाला पदर लावून आत गेली. जिना उतरताना अमरनाथला खूप दिवसांनी हलकं हलकं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ती त्याच्या दुकानात आली. तिनं ॲडाप्टर टेबलावर ठेवला.

"हे ठिवून घ्या दादा. घरात नको आता."

"का हो?"

"महांतेश आन् मी एकाच वर्गात होतो," ती शांतपणे म्हणाली. "सगळी स्थळं मी त्याच्यासाठीच मोडली. अप्पांना संशय येऊ नये म्हणून त्यानं काकांच्या तोंडून हे स्थळ सुचवून घेतलं. आता अप्पा कौल मोडायचे न्हाईत. मी तुमाला हातबी जोडले होते, कायबी करा म्हणून. तुमी तरी काय करणार?"

"पण ती ओळ... तुमीच ना..."

"कंची ओळ?"

अमरनाथनं ॲडाप्टर खणात सरकवला. ती निघून गेली.

मग लिहिली कुणी? समोर वडवणीच्या एका गिऱ्हाइकाचा संगणक उघडा पडला होता. त्यालाही तसलाच ॲडाप्टर, तीच उबुंटू. या ॲडाप्टरला बाहेरचा ड्रायव्हर बसवायचा तर आधी प्रणालीच्या ड्रायव्हरला बंदी घालावी लागे, नाहीतर दोघं एकमेकांच्या पायात येत. कितीतरी यंत्रांवर त्यानं हे केलं होतं. मन थाऱ्यावर नव्हतं, पण बोटांना सवय होती. बोटांनीच कोरी फाइल उघडली आणि कामाला लागायच्या आधी, नेहमीसारखी, पहिली ओळ लिहिली: श्री मन्मथ प्रसन्न.