शाळेपुढचा स्पीडब्रेकर

बाबांच्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बसलं की खड्डा रस्त्याला पडलाय की आपल्या पाठीला, तेच कळायचं नाही. म्हणून मी स्वतः खपून चारही स्प्रिंगा आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले. एका गंजलेल्या बोल्टने तर माझा अंत पाहिला. गाडी जॅकवरून खाली घेतली, तिच्या वजनावर सगळे बोल्ट पुन्हा आवळले आणि बाबांना शेजारी बसवून निघाले.

गाडी लोण्यासारखी चालली होती. आता कौतुक होणार म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलेलं.

"कुठे आलो आपण?"

"पूल ओलांडला."

"कधी?"

दोन मिनिटं झाली नाहीत तर पुन्हा तेच. "आता कुठे आलो?"

"शाळा गेली मागे. बाबा, जरा निवांत बसा की."

"शाळेपुढचा स्पीडब्रेकर लागला नाही."

"लागला. तुम्हाला जाणवला नाही. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला."

त्यांचा दुसरा हात डॅशबोर्डवर इकडून तिकडे फिरत राहिला. घरासमोर गाडी थांबवली, तरी ते हँडल धरून बसूनच होते.

"बाबा, घर आलं."

त्यांनी चाचपडत खाली पाय टेकवला.

"डोळे गेल्यापासून मला हा रस्ता दणक्यांवरूनच कळायचा गं. जुन्या स्प्रिंगा भंगारात टाकल्यास का?"