आगीची घंटा

मॅनेजर तिच्या मागे येऊन उभा राहिला. कापडावर त्याची सावली पडली म्हणून तिला ते कळलं. मागे वळून बघायचं नाही, असं सकाळीच बजावलेलं होतं. ती मान खाली घालून यंत्रमागावरच्या धोट्याची ये-जा बघत राहिली.

परीक्षा अगदी साधी होती. मॅनेजरसाहेब केव्हातरी आगीची घंटा वाजवणार. ती ओळखून तिने आपला माग थांबवला, तर नोकरी कायम. नाही थांबवला, तर संध्याकाळी हिशेब घेऊन घरी. तापात लहानपणीच कान गेलेल्या बाईची अशी परीक्षा घेणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक असतो.

तिच्या कामाला नावं ठेवायला जागा नव्हती. उमेदवारीच्या काळात तिचं कापड एकदाही परत आलं नव्हतं. पण हा नवा मॅनेजर हटून बसला होता. शेडला आग लागली, घंटा झाली, सगळे बाहेर पळाले आणि ही एकटी आत विणत बसली, तर जबाबदारी कुणाची? मुकादमाच्या शब्दाला तिथे वजन होतं, पण त्याने तिच्या बाजूने ब्रही काढला नाही. तो तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. ती समोर आली की मान फिरवून चालू लागायचा. खडूसच आहे मेला, मनावर घेऊ नकोस, असं शेजारच्या मागावरच्या काकू तिला खुणांनी सांगायच्या.

घरी नवऱ्याचं काम सुटलेलं होतं. सकाळी डबा देताना सासू नेहमीसारखी करवादली नव्हती. उलट तिने पाठीवरून हात फिरवला होता. त्यामुळेच ती जास्त घाबरली होती.

शेडमध्ये मागांचा असा दणदणाट चाले की शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी त्याला कळायचं नाही. म्हणून तिथे सगळेच हातांनी बोलत. धागा तुटला, पाणी आण, साहेब आला, साहेब तापलाय, सगळ्याला खूण होती. खुद्द साहेबासाठी दोन होत्या, त्यांतली एक त्याच्यासमोर करण्यासारखी नव्हती. आणि दोन्ही हात डोक्यावर उभे केले, की थांबा. एकाने केले की दुसरा करायचा, आणि बघता बघता सगळी शेड बंद पडायची. कामाच्या पहिल्या दिवशी हे पाहून तिला माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.

साहेबाने आज नेमकं हेच बंद केलं होतं. कुणी तिला खूण करायची नाही. कुणी मान वर करायची नाही, एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही. सापडेल त्याचा आजचा पगार कापला जाईल.

सावली कापडावरून सरकली. ती डोळ्यांत तेल घालून, श्वास रोखून उभी राहिली. घंटेची थरथर तळपायांना जाणवेल, अशी एक वेडी आशा होती. पण तळपायांत नेहमीची मागांची धडधड सोडून काहीच येत नव्हतं. बराच वेळ गेला. शेवटी तिच्याने राहवेना. जायची तर जाऊ दे नोकरी, असं म्हणून तिने मान वर केली.

साहेब भिंतीशी उभा होता. बटण त्याने अंगठ्याने दाबून धरलं होतं. वर घंटेची हातोडी सारखी थरथरत होती. साहेब लालबुंद होऊन ओरडत होता आणि तिच्याकडे बघतही नव्हता. तो बघत होता शेडकडे. तिथे एकही माग थांबलेला नव्हता. सगळे हुकमाप्रमाणे माना खाली घालून इमानेइतबारे विणत होते.

ती घंटा बसवली तेव्हा शेडमध्ये निम्मेच माग होते. तिची तपासणी व्हायची ती जेवणाच्या सुट्टीत, माग बंद असताना. तेव्हा ती सगळ्यांना खणखणीत ऐकू यायची.

तिने दांडी ओढून आपला माग थांबवला आणि दोन्ही हात उभे केले. कुणी बघेना. मग ती धावली. काकूंच्या खांद्यावर तिने थाप मारली, पुढच्याच्या मारली, त्याच्या पुढच्याच्या मारली. माग एकेक करून गप्प होत गेले. तळपायांखालची जमीन शांत झाली. शेवटचा माग थांबला आणि सगळ्या माना एकदम घंटेकडे वळल्या. घंटा अजून वाजतेय, हे तिला त्या चेहऱ्यांवरून समजलं.

काकू पोट धरून हसायला लागल्या. साहेबाने बटणावरचा अंगठा काढला. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. रुमालाने मान पुसली आणि पाठमोराच काहीतरी बोलला. शेडमध्ये सगळ्यांचे चेहरे फुलले. काकूंनी तिच्याकडे बघून जमिनीकडे बोट रोखलं, पुन्हा एकदा रोखलं. इथेच. कायमची. तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही.

डोळे पुसता पुसता तिची नजर मुकादमावर गेली. तो साहेबापासून हातभर अंतरावर होता. सगळ्या शेडमध्ये त्याच्या एकट्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं. रागावला असेल, असं तिला आधी वाटलं. पण तो आधी साहेबाच्या पाठीकडे बघत होता, मग काकूंच्या बोटाकडे. तसं बघणं तिला चांगलं ठाऊक होतं. ती स्वतः तसंच बघायची.

दोघांची नजरानजर झाली. मुकादमाने नेहमीसारखी मान फिरवली. मग पुन्हा वळवली. तिला ओठ नीट दिसतील असा तो उभा राहिला आणि त्याने साहेबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, आत्ता बोललात ते इकडे तोंड करून पुन्हा सांगा," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "आम्हां दोघांना ऐकू येत नाही."