ओरिसियाने भरलेला पेला

ओरिसियाने बाटलीचं झाकण फिरवून काढलं, पेला काठोकाठ भरला आणि टेबलावरून बहिणीच्या पुढ्यात सरकवला.

"पी," ती म्हणाली.

लुबाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सहा वर्षांनी ती या स्वयंपाकघरात पाऊल टाकत होती. "मी माफी मागायला आलेय," एवढंच तिच्या तोंडून निघालं होतं. त्यावर ओरिसिया उठली आणि कपाटातून व्हिस्की घेऊन आली.

"मी सोडलीय, ओरिसिया. तुला ठाऊक आहे."

"ऐकलंय. यॉर्कटनसारख्या लहानशा गावात लपून काय राहतंय? आधी पी, मग बोलू."

सहा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, लुबा भाचीला, डार्काला, शाळेतून आणायला गेली होती. शेजारच्या सीटवर थर्मास होता. त्यात कॉफी नव्हती. परतताना रेल्वे फाटकाच्या अलीकडे गाडी बर्फावरून घसरली आणि खांबावर आदळली. लुबाचं मनगट मोडलं. डार्का जागीच गेली. सतरा वर्षांची होती. ओरिसियाची एकुलती एक.

खटला चालला. लुबाला तीन वर्षांची शिक्षा झाली. ती सुटली त्या दिवशी तुरुंगाबाहेर आपलं कुणी नसणार, हे ती धरूनच चालली होती. पण समोर एक गंजका पिकअप उभा होता आणि आत व्हर्ना सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. व्हर्ना सत्तरीची. पूर्वी स्वतः दारूत बुडालेली. दर गुरुवारी दारू सोडू पाहणाऱ्या बायकांची बैठक घ्यायला ती तुरुंगात येत असे.

"चढ लवकर," ती म्हणाली. "पेट्रोल काय तुझा बाप भरणारेय?"

पहिला महिनाभर व्हर्नाच्या गावातल्या गटातल्या, दारू सोडलेल्या बायका पाळीपाळीने लुबाच्या सोफ्यावर झोपल्या. शाळेची बस चालवणारी जोसी रोज सकाळी अंडी उकडायची आणि लुबा ती संपवेपर्यंत जागची हलायची नाही. कुणी तिला बिचारी म्हटलं नाही. कुणी डार्काचं नाव टाळलं नाही. प्यायची तलफ आली की लुबा फोन लावायची आणि पलीकडून कुणी ना कुणी बोलायचंच. अशी दोन वर्षं निघाली. तुरुंगातली वर्षं मात्र व्हर्ना जमेस धरत नसे.

"तिथे मिळत नव्हती म्हणून प्यायली नाहीस. त्यात कसलं आलंय कौतुक? पुढ्यात आली आणि नाही म्हणालीस, तर ते तुझं."

आत्ताही व्हर्ना बाहेर गाडीत थांबली होती. येताना तिने बजावलं होतं, "माफी मागायला चाललीयस. ती मिळेलच असं डोक्यात घेऊ नकोस. शिव्या घातल्या तर ऐक, थोबाडीत दिली तर खा. पिऊ मात्र नकोस."

व्हिस्कीचा वास नाकात शिरला. लुबाच्या तोंडाला पाणी सुटलं. आपण पेला धरलाय, हे तिला बोटांना काच गार लागली तेव्हा कळलं. ओरिसिया पापणी न हलवता बघत होती. हीच शिक्षा, लुबाच्या मनात आलं. हिला मला पुन्हा पडलेली बघायचंय. हिचा हक्कच आहे तो. एका घोटाने हिचा जीव निवणार असेल तर मी कोण नाही म्हणणारी?

"घे ना," ओरिसिया म्हणाली. तिचा आवाज एकाएकी मऊ झाला, अगदी काकुळतीला आल्यासारखा. "एकच घोट, लुबा. माझ्यासाठी."

लुबाने एकेक बोट सोडवलं. पेला परत सरकवला. थोडी व्हिस्की टेबलावर सांडली.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्यासाठीसुद्धा नाही."

तिची छाती हलकी झाली. धावत बाहेर जावं आणि व्हर्नाला सांगावं, असं तिला वाटलं. ओरिसियालाही कुठेतरी बरं वाटलं असेल, असा वेडा विचारही क्षणभर मनात येऊन गेला. आपली बहीण सुधारली, असं.

ओरिसिया खुर्चीत खचून बसली होती. ती रडत नव्हती. अनोळखी माणूस घरात शिरल्यासारखी ती लुबाकडे बघत होती.

"कोर्टात तू शपथेवर म्हणालीस, की दारूला नाही म्हणणं तुझ्या हातात नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "मी ते खरं मानलं. सगळे तुला खुनी म्हणायचे, लुबा. तेवढ्याच एका वाक्यावर मी तुला बहीण म्हणत आले."