रोजचे वाचक

वाचनालयाचा अनुदानाचा दर्जा टिकावा म्हणून ग्रंथपाल उकंडराव वाचकांच्या नोंदवहीत रोज स्वतःच चाळीस सह्या ठोकत. नावं गावातल्या मयतांची, कारण मयत माणूस तक्रार करत नाही.

परवा हिंगोलीहून प्रतीक्षाताई कर्मचाऱ्यांना पॉडकास्ट शिकवायला आल्या. "आधी रिकाम्या खोलीचा आवाज घेऊ," त्या म्हणाल्या. मोबाइल वाचनकक्षात ठेवून सगळे बाहेर थांबले.

नंतर हेडफोन लावून त्या वैतागल्या. "सर, रिकाम्या म्हटलं होतं. इथं चाळीसेक जण पानं उलटून राहिलेत!"

"न्हाई हो ताई, आत कुणीच नव्हतं."

उकंडरावांनी हेडफोन घेतला. पानांची सळसळ थांबली. एक म्हातारी खाकरली.

"उकंड्या, मला वाचता कुठं येतंय रे? रोज काहून बोलावून राहिला?"