शिळा प्रकाश

विश्वाचं खरं रूप मानवाला प्रथमच दिसणार होतं, त्या घटकेला देवरुखच्या गद्र्यांच्या परसात सुलभाताई म्हणत होत्या, "थांबा, आधी माझी चादर काढू द्या." दोरीवर वाळत घातलेली चादर दुर्बिणीच्या आड येत होती.

मोरेश्वर गद्रे तीस वर्षं गरुड तेजोमेघाचे फोटो काढत आले होते, पण ते सगळे सात हजार वर्षांपूर्वी तिथून निघालेल्या शिळ्या प्रकाशाचे. काल पार्सलने ताजी काच आली. ती दुर्बिणीला लावली की आकाश आज, आत्ता आहे तसं दिसतं. या मेघाचा पहिला ताजा फोटो पाठवणाऱ्याचं नाव हौशी खगोल मंडळ आपल्या यादीत मेघापुढे छापणार होतं.

दोन तासांनी फोटो तयार झाला. तारे होते, मेघ नव्हता.

"नेम चुकला," सुलभाताई म्हणाल्या. "लग्नात हारसुद्धा भटजींच्या गळ्यात घालत होतात."

"अगं, तारे जागच्या जागी आहेत! मेघच संपलाय! आणि हे अख्ख्या जगात फक्त मला ठाऊक आहे!" गद्र्यांनी थंडीसाठी अंगावर घेतलेल्या त्याच चादरीसकट एक गिरकी घेतली. "म्हणजे, तुलाही."

त्यांनी तिथूनच मंडळाच्या चिटणिसांना फोन लावला. "साहेब, गरुड संपला! फोटो पाठवलाय. मीच पहिला ना?"

चिटणिसांनी फोटो पाहिला आणि शांतपणे नाव-गाव लिहून घेतलं.

मंडळाच्या वहीत 'नेम चुकला' या सदराखाली त्या मेघाची ती अठ्ठेचाळिसावी नोंद होती.